जिन्याखालची सवत

मी एक जुनी स्कूटर आहे. रंग फिकट निळा. म्हणजे एके काळी होता, आता कुठे कुठे त्याची आठवण उरली आहे. एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली माझी जागा आहे. वरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पावलं माझ्या डोक्यावरून जातात. मी चेहऱ्यांपेक्षा पावलांनीच माणसं ओळखते.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी रडगाणं ठरलेलं असतं. आम्ही खूप राबलो, आता आम्हाला कुत्रंही विचारत नाही, वगैरे. माझं उलटं आहे. मला आयुष्यभर इतकं विचारलं गेलं, की आज ते आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझं हँडल तुम्हाला कायम एका बाजूला वळलेलं दिसेल. लोकांना वाटतं, कुलूप घातलंय म्हणून. कुलूप आहेच. पण मला विचाराल, तर ती खाली घातलेली मान आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला ठोकून, वाकवून, डाग देऊन मला आकार आला, मग रंगाचं स्नान झालं आणि मी बहिणींबरोबर दुकानात रांगेत उभी राहिले. तिथे एके दिवशी एक उंच, किडकिडीत माणूस आला. त्याने माझा रंग पाहिला नाही, आरसा पाहिला नाही. दुकानदाराला मला सुरू करायला लावलं, खिशातून एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक माझ्या इंजिनाला टेकवलं आणि मूठ आपल्या कानाला लावली. डोळे मिटून तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हीच द्या."

हा माणूस सूतगिरणीत फिटर होता. यंत्राच्या कुठल्या बेअरिंगला घरघर लागली आहे, ते तो असं स्क्रूड्रायव्हर टेकवून सांगायचा आणि ते कधी चुकायचं नाही. गिरणीत सगळे त्याला कानसेन म्हणत. पुढे शेजारीपाजारीही म्हणू लागले आणि खरं नाव मागे पडलं. मीही त्याला कानसेनच म्हणेन.

त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची बायकोही आली होती. नवीनच लग्न झालेलं. दुकानात ती एका कोपऱ्यात उभी राहून सगळा प्रकार बघत होती. घरी येताना ती पहिल्यांदा माझ्या मागच्या सीटवर बसली, एका हाताने स्टेपनी धरून. इमारतीपाशी उतरल्यावर तिने माझ्या सीटवरून हात फिरवला आणि दारात उभ्या असलेल्या शेजारणीला सांगितलं, "ही बघा, माझी सवत आली घरी."

शेजारीण हसली. कानसेनही हसला. मी तेव्हा नवी कोरी होते, मलाही गंमत वाटली. पुढे जे झालं ते पाहता तिने मला उगाच नाव ठेवलं नव्हतं.

कानसेनने मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. दर रविवारी सकाळी मला अंगणात काढायचं, बादलीभर पाण्याने आंघोळ घालायची, जुन्या दात घासायच्या ब्रशने सांधेकोपरे घासायचे, मग मऊ फडक्याने टिपून घ्यायचं. प्लग साफ करायचा, केबलना तेल द्यायचं. मुलगा झाला, मग मुलगी झाली. त्यांच्या आंघोळी तिने घातल्या, माझी त्याने. रस्त्याने जाताना माझ्यातून जरा कुठे वेगळा आवाज आला, की तो लगेच बाजूला घ्यायचा. त्याचा नियमच होता: आवाज आला की थांबायचं. मुलांनाही त्याने तो पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. गाडी कधी खोटं बोलत नाही, कुरकुर केली म्हणजे कुठेतरी दुखतंय, असं तो म्हणायचा. त्याला जे सापडायचं नाही, ते नाक्यावरचा मिस्त्री शोधायचा. मिस्त्रीच्या गॅरेजात माझ्यासाठी कधी रांग नसे. कानसेनची गाडी आली, म्हणजे हातातलं काम बाजूला.

गिरणीच्या वार्षिक समारंभात उत्तम राखलेल्या वाहनाचा कप मला मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो कप वर दिवाणखान्यात कपाटावर ठेवला होता. तो पुसायचं काम अर्थातच तिचं.

आता तिच्याबद्दल सांगते. ती दिवसभर घर सांभाळायची आणि मधल्या वेळात पुस्तकं बांधणाऱ्यासाठी छापील कागदांच्या घड्या घालायची. त्या कागदांचे गठ्ठे माझ्या पायाकडच्या जागेत ठेवून यायचे आणि घड्या होऊन तसेच परत जायचे. गठ्ठा सोडला, की बारीक भुकटी उडायची. ती आधी स्वतः खोकायची आणि मग खिडकी उघडायची. सासू अंथरुणाला खिळली होती, तिची उठबस हिनेच केली. मुलांचे अभ्यास, आजारपणं, कानसेनच्या पाळ्या, सगळं तिच्याच अंगावर. पण मित्रांनो, ती काही तोंडाला कुलूप घातलेली गरीब गाय नव्हती. तिची जीभ चांगली तिखट होती. मला वाटेत पेट्रोल कमी पडलं की कानसेन मला आडवी वाकवायचा, म्हणजे तळाचं पेट्रोल पुढे यावं. तेव्हा ती पिशव्या घेऊन बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "माझ्यापुढे कधी एवढे वाकला नाहीत."

तिच्या घरात मात्र एक रीत होती आणि ती तिनेच पाडली होती. कानसेनच्या कानांना दिवसभर गिरणीचा गोंगाट. घरी आल्यावर तरी त्यांना शांतता मिळावी, असं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवलं. खुर्च्यांच्या पायांना तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले. नळाच्या तोंडाला चिंधी बांधली, म्हणजे पाण्याची धार बादलीत गुपचूप उतरावी. भांडी फडक्यावर ठेवायची. मुलांना भांडायचं असलं तर खाली अंगणात पाठवायची. त्यामुळे ती भांडणं मी ऐकली, त्याने नाही. तिला खोकला आला तर ती स्वयंपाकघराचं दार लोटून, रुमाल तोंडावर दाबून खोकायची. इतक्या वर्षांत ती स्वतःच ट्यूबचे तुकडे लावल्यासारखी झाली. कानसेन लोकांना अभिमानाने सांगायचा, की आमच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. टाचणी पडलेली ऐकू यायचीच. घरातली बाई ढासळते आहे, हे त्याला ऐकू येत नव्हतं.

मला ऐकू येत होतं. मी जिन्याखाली होते ना.

तिची पावलं आधी भरभर चढायची. मुलं मोठी झाली, मुलगी सासरी गेली, मुलाचं लग्न होऊन सून घरी आली, आणि मग ती पावलं जिन्याच्या वळणावर थांबू लागली. आधी जराशी. नंतर बराच वेळ. ती पिशव्या खाली ठेवायची, कठड्याला टेकायची आणि वाट बघायची. तिचा श्वास मला खाली ऐकू यायचा, भात्यासारखा. तो पुरता शांत झाल्यावरच ती उरलेला जिना चढून दाराची घंटा वाजवायची, म्हणजे आत कोणाला काही कळू नये. एकदा शेजारणीने तिला वळणावर गाठलं आणि काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काही नाही हो. पिशवीचा हात बदलत होते."

दुखणं अंगावर काढणं म्हणतात ते हे. मी माझ्या जागी टेकून उभी होते, नुकतंच तेलपाणी झालेली, माझं अंग सुखात.

नात झाली तेव्हा तिचा आवाज थोडा परत आला. नातीला सगळे चिमणी म्हणत. दुपारी कानसेन झोपला, की आजी-नात हळूच खाली यायच्या. आजी माझ्यावरचं कव्हर काढायची (तेही तिनेच जुन्या जाड पडद्याचं शिवलेलं होतं, सवतीचे कपडेसुद्धा तीच शिवायची), चिमणीला मागे बसवायची आणि स्वतः पुढच्या सीटवर बसून हँडल धरायची. उभं आयुष्य ती माझ्या मागच्या सीटवर बसली होती. पुढे बसली ती फक्त अशी, जिन्याखाली, उभ्या गाडीवर. मग ती तोंडाने फटफटफट आवाज काढायची. घरात कधी न काढलेला इतका मोठा आवाज.

चिमणी विचारायची, "आजी, आपण कुठे चाललोय?"

"जिथे चहा आयता हातात मिळतो तिथे."

"लांब आहे का?"

"खूप लांब आहे गं. घट्ट धर."

थोडं अंतर गेलं, की तिला धाप लागायची आणि फटफट थांबायची. चिमणी म्हणायची, आजी, तुझं पेट्रोल संपलं, वाकडी हो. आजी खरंच वाकडी व्हायची आणि दोघी हसत सुटायच्या. मी त्या हसण्यात सामील होते. आज त्याचीही लाज वाटते.

मिस्त्रीच्या मात्र ते लक्षात आलं. तो काही शिकलासवरलेला नव्हता, पण डोळे उघडे ठेवून वागायचा. एकदा माझी क्लचची वायर बदलून झाल्यावर तो हात पुसत कानसेनला म्हणाला, गाडी छान आहे दादा, पण वहिनींना दम लागतोय का? कानसेनने मागे वळून पाहिलं. ती गॅरेजच्या बाकावर बसली होती, घरापासून चालत आल्यामुळे दमलेली. तो हसून म्हणाला, "जुनं मॉडेल आहे. थोडा आवाज यायचाच."

सगळे हसले. तीसुद्धा हसली. घरी गेल्यावर तिनेच तो विनोद मुलाला आणि सुनेला सांगितला. मग तो घराचाच झाला. ती जिना चढून आली की मुलगा म्हणायचा, आलं जुनं मॉडेल. त्यात वाईट हेतू नव्हता हो. पण विनोदाचं असं असतं, एकदा हसून झालं की मग कोणी विचारत नाही.

एकटी सून त्या विनोदाला हसत नसे. ती पोस्टात नोकरी करायची, घाईत असायची, पण एक दिवस तिने सासूबाईंना सरळ सांगितलं, की मी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुम्ही जायचं आहे. सून ऐकत नाही म्हटल्यावर ती तयार झाली. त्या सकाळी कानसेनने मला बाहेर काढलं. ती मागे बसली. डॉक्टरांकडे वेळ लागला तर याची जेवायची वेळ चुकायला नको, म्हणून तिने त्याचा डबा भरून घेतला होता. डब्याची पिशवी माझ्या पुढच्या हुकाला अडकवली.

अर्ध्या वाटेत आवाज सुरू झाला. टिंग. टिंग. टिंग.

कानसेनचे कान टवकारले. त्याने वेग कमी केला, आवाज कमी झाला. वेग वाढवला, आवाज वाढला. त्याने मला बाजूला घेतलं, कुठे काही सैल दिसेना. डॉक्टरांचा दवाखाना उजवीकडे होता आणि मिस्त्रीचं गॅरेज डावीकडे. त्याने हँडल डावीकडे वळवलं. ती मागून म्हणाली, "अहो, आधी तिकडे जाऊन येऊ या का?" तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. आवाज आला की थांबायचं.

मिस्त्रीने माझी बाजूची झाकणं काढली, चाक काढलं, मडगार्ड हलवून पाहिलं. पिशवी अडचण करत होती, म्हणून हुकावरून काढून तिच्या हातात दिली. कानसेन इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून डोळे मिटून ऐकत होता. तो जे ऐकायचा प्रयत्न करत होता ते माझ्यात नव्हतंच. ते त्याच्या मागे बाकावर होतं, पिशवीत. तिने पिशवी मांडीवर घेतली तेव्हा ती पुन्हा वाजली, टिंग. तिने आत पाहिलं. डब्याच्या झाकणावर ठेवलेला चमचा निसटला होता आणि डब्यावर आपटत होता.

मी तिचा चेहरा पाहिला, मित्रांनो. तिने कानसेनकडे पाहिलं, तो जमिनीवर उकिडवा बसलेला, घामाघूम. गिरणीतून नुकताच निवृत्त झालेला. तो स्क्रूड्रायव्हर आणि ते नाव, दोनच गोष्टी त्याने तिथून घरी आणल्या होत्या. गॅरेजात इतर गिऱ्हाईकं उभी होती. ती बोलली असती, तर हसू झालं असतं. तिने रुमाल काढला, चमचा त्यात गुंडाळला आणि डब्याखाली दाबून ठेवला. मिस्त्रीने हे पाहिलं. तो बोलायला गेला, तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

माझे सगळे बोल्ट आवळून झाले तेव्हा दवाखान्याची वेळ टळून गेली होती. परत येताना आवाज नव्हता. कानसेन खुशीत होता. वर गेल्यावर त्याने सुनेला सांगितलं म्हणे, की वेळीच थांबलो म्हणून बरं, नाहीतर रस्त्यात काय झालं असतं सांगता येत नाही. आणि तिने सुनेला सांगितलं, राहू दे गं, पुढच्या आठवड्यात जाऊ.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर परगावी होते. मग लेकीचं बाळंतपण आलं, मग चिमणीची परीक्षा. सून आठवण करत राहिली आणि ती पुढे ढकलत राहिली. थंडीत एका सकाळी तिला खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. मुलाने एका बाजूने धरलं होतं, कानसेनने दुसऱ्या. जिन्याखाली आल्यावर तिने हाताने थांबा म्हणून खूण केली. सगळ्यांना वाटलं, दम खाते आहे. तिने हात लांब करून माझी सीट थोपटली आणि अगदी हळू म्हणाली, "यांना सांभाळ गं."

ती परत आली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी कानसेनला विचारलं होतं, की यांना दम कधीपासून लागतो? मुलगा हे नंतर जिन्यात शेजाऱ्यांना सांगत होता. माझ्या सायलेन्सरला भेग कुठल्या महिन्यात पडली, हे तारीख-वारासह सांगणारा माणूस. तो डॉक्टरांकडे नुसता बघत राहिला.

वर्ष झालं, तेव्हा सगळे तिची आठवण काढायला जमले. घर पुरेना म्हणून अंगणात खुर्च्या मांडल्या. प्रत्येकाने चार शब्द सांगितले. लेकीने आईच्या हातच्या शिवणाबद्दल सांगितलं, शेजारणीने तिच्या जिभेबद्दल. मुलगा उठला आणि गंमत म्हणून जुन्या मॉडेलचा विनोद सांगितला. लोक भरल्या डोळ्यांनी हसले. सून उठून पाणी आणायला गेली. कानसेन खाली बघत होता. मग मुलाने जाहीर केलं, की आईची आठवण म्हणून ही स्कूटर नव्यासारखी रंगवून घेऊ आणि फाटकाजवळ चौथऱ्यावर कायमची उभी करू, कारण आई-बाबांचा सगळा संसार हिच्यावरून झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कपाच्या वेळी वाजवल्या होत्या, अगदी तशाच.

तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिच्या नावाने मला चौथऱ्यावर चढवायचं. तिथेही मीच.

दोन-चार दिवसांनी मिस्त्री रंगांचे नमुने घेऊन आला. आता तोही म्हातारा झाला होता. कानसेन स्टूल घेऊन माझ्याजवळ बसला. मिस्त्रीने नमुने उघडलेच नाहीत. तो म्हणाला, "दादा, रंगवून देतो. पण वहिनींची आठवण म्हणून नका ठेवू हिला."

कानसेनने का म्हणून विचारलं.

"तो टिंग टिंग आवाज आठवतो? डॉक्टरकडे जाताना गॅरेजात आला होतात, तेव्हाचा. गाडीला काही झालं नव्हतं. तुमच्या डब्यातला चमचा वाजत होता. वहिनींना सापडला. त्यांनी रुमालात बांधून ठेवला आणि मला गप्प राहायची खूण केली."

"तू बोलला का नाहीस?"

"चारचौघांत तुमचा कान खोटा पडू नये, असं त्यांना वाटलं. मलाही तेच बरं वाटलं. तेव्हापासून गाडीला हात लावताना लाज वाटते दादा."

मिस्त्री गेल्यावर कानसेन स्टुलावर तसाच बसून होता. त्याचा एक हात कानावर होता, ठणका लागल्यावर धरतात तसा. मग तो माझ्याशी बोलला. इतक्या वर्षांत तो माझं ऐकत आला होता, माझ्याशी बोलला कधी नव्हता. म्हणाला, "मला वाटायचं ती ठणठणीत आहे. कधी आवाजच नव्हता."

मला सांगावंसं वाटलं, आवाज होता. इथेच, तुमच्या डोक्यावर, या वळणावर. पण माझा हॉर्न कोणी दाबल्याशिवाय वाजत नाही.

त्याने मुलाला सांगितलं, चौथरा नको. मुलगा नाराज झाला. कानसेनने कारण दिलं नाही. एक दिवस दुपारी तो वर्तमानपत्र पसरून, हत्यारं घेऊन माझ्यासमोर बसला. मला सुटी करून माझे भाग मिस्त्रीला द्यायचे, कोणाच्या तरी गाडीला कामी येतील, असं त्याने ठरवलं होतं. मला वाईट वाटलं नाही. त्याने पुढचं चाक काढलं, दिवा काढला, एकेक नट वाटीत टाकत गेला.

संध्याकाळी सून पोस्टातून आली. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या, एकीत भाजी, दुसरीत दूध आणि चिमणीच्या वह्या. तिने सासऱ्यांना विचारलं, चहा करू का, आणि ती जिना चढू लागली. तिच्या पावलांत मी काही महिने एक गोष्ट ऐकत होते. सासूबाई गेल्यावर घरातली सगळी कामं मुकाट्याने तिच्याकडे आली होती. पिशव्या आल्या होत्या, आणि वळणही आलं होतं.

पावलं वळणावर थांबली. पिशव्या खाली टेकल्या. कठड्याला अंग टेकल्याचा आवाज झाला. मग श्वास.

माझ्या अर्ध्यामुर्ध्या सांगाड्याचा जीव गोळा झाला. कानसेन नट फिरवत होता. फिरवतच होता. मला वाटलं, पुन्हा तेच होणार. हा पुन्हा माझाच नट ऐकणार.

त्याचा हात थांबला.

त्याने मान वर केली. डोळे मिटले. गिरणीत बेअरिंग ऐकताना करायचा तसा चेहरा. मग तो उठला, गुडघ्यावर हात दाबत वळणापर्यंत चढला. मला खालून दोघांचे पाय दिसत होते.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा. पिशवीचा हात बदलत होते."

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं, पण मला वाटतं, ते कोणाचं आहे हे त्याला कळलं.

"किती दिवसांपासून?"

सून म्हणाली, "झाले असतील दोन-तीन महिने. तुम्हाला उगाच कशाला काळजी, म्हणून..."

"चल. दवाखाना अजून उघडा असेल."

"आत्ता? बाबा, दूध आहे पिशवीत, नासेल. चहा करते, मग उद्या..."

"नासू दे," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता, आणि त्या घराच्या मानाने खूप मोठा होता. "आवाज आला की थांबायचं."

तो तिचा हात धरून खाली आला. ती हळूहळू, एकेका पायरीवर थांबत. माझ्यासमोरून जाताना त्याच्या पायाचा धक्का लागून वाटी कलंडली आणि माझे नट फरशीवर चारी दिशांना घरंगळले. आधी असं कधी झालं असतं, तर त्याने गुडघ्यांवर बसून शेवटचा नट सापडेपर्यंत जागा सोडली नसती. त्या दिवशी त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. फाटकाबाहेर त्याने रिक्षाला हात केला आणि दोघं गेली.

मी तशीच पडून राहिले, एका चाकाची, उघडी, माझे नट कुठे गेले हेही मला माहीत नव्हतं. मित्रांनो, इतकी वर्षं मी लाडात काढली, पण कोणी मला मागे टाकून गेलं म्हणून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. लाज गेली नाही. ती जाणारही नाही; जिच्यापुढे मान खाली घालायची, ती आता कुठे आहे? थोड्या वेळाने चिमणी खाली आली. तिने वळणावरच्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि न थांबता वर नेल्या.

जुन्या वस्तूने शेवटी आपल्याला जपा म्हणून विनवायचं असतं. मी तसं विनवणार नाही. मला गंजू द्या. पण तुमच्या जिन्यात कोणाची पावलं वळणावर थांबत असतील, आणि वर गेल्यावर ती व्यक्ती हसून म्हणत असेल, की काही नाही, पिशवीचा हात बदलत होते, तर हातातलं काम टाका आणि उठा. माझ्यासारखी एखादी सवत तिथे कुरकुरत असेल, तर तिला कुरकुरू द्या.